'वॉर्ड': पहिला गोळा झाडणारी विनाशिका

पर्ल हार्बरवर जपानी विमाने येण्याच्या सुमारे एक तास आधी, त्याच बंदराच्या तोंडाशी एका जुन्या अमेरिकी विनाशिकेने जपानी पाणबुडी बुडवली होती. तिचे नाव 'यूएसएस वॉर्ड'. तिने वेळेत धाडलेल्या इशाऱ्याचा मात्र उपयोग झाला नाही आणि तिच्या दाव्याचा निर्विवाद पुरावा मिळण्यास ६१ वर्षे लागली.

साडेसतरा दिवसांत जलावतरण

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकमध्ये धुमाकूळ घातला, तेव्हा अमेरिकेने विनाशिकांची बांधणी धडाक्याने सुरू केली. त्यातील 'विक्स' वर्गात १११ नौका होत्या. चार धुरांडी आणि पुढून मागेपर्यंत सलग, एकाच पातळीचा डेक ही त्यांची ओळख. 'वॉर्ड' याच वर्गातली. कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड गोदीत १५ मे १९१८ रोजी तिचा कणा बसवण्यात आला आणि १ जून रोजी ती पाण्यात उतरली. अवघ्या साडेसतरा दिवसांचा हा विक्रम होता. २४ जुलैला ती नौदलात दाखल झाली. अमेरिकी यादवी युद्धात १८६१ मध्ये मारले गेलेले पहिले नौदल अधिकारी जेम्स हार्मन वॉर्ड यांचे नाव तिला देण्यात आले.

सुमारे ९६ मीटर लांबीच्या या नौकेचा वेग ३५ नॉट होता. चार इंची चार तोफा आणि पाणतीर सोडणाऱ्या बारा नळ्या हा तिचा मुख्य शस्त्रसंभार. १९१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'एनसी' विमानांनी अटलांटिक ओलांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या मार्गावर आधारासाठी उभ्या केलेल्या जहाजांत 'वॉर्ड' होती. १९२१ मध्ये तिला सेवेतून काढून राखीव ताफ्यात ठेवण्यात आले.

इशारा आणि विलंब

दुसऱ्या महायुद्धाचे ढग दाटू लागल्यावर जानेवारी १९४१ मध्ये तिला पुन्हा सेवेत घेण्यात आले. तिच्या खलाशांत मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहराच्या राखीव नौसैनिकांचा मोठा भरणा होता. ५ डिसेंबर रोजी लेफ्टनंट विल्यम आउटरब्रिज यांनी तिची सूत्रे हाती घेतली.

७ डिसेंबरच्या पहाटे ३ वाजून ५७ मिनिटांनी 'कॉन्डोर' या सुरुंग काढणाऱ्या नौकेने पेरिस्कोप दिसल्याचा संदेश दिव्याच्या इशाऱ्यांनी दिला. 'वॉर्ड'ने शोध घेतला, पण काही आढळले नाही. साडेसहानंतर मात्र बंदराकडे निघालेल्या 'अँटारेस' या जहाजाच्या मागोमाग एक छोटी पाणबुडी जाताना दिसली. पावणेसातच्या सुमारास 'वॉर्ड'ने तोफ डागली. पहिला गोळा चुकला. तिसऱ्या क्रमांकाच्या तोफेचा गोळा पाणबुडीच्या मनोऱ्याच्या तळाशी लागला. पाठोपाठ डेप्थ चार्ज टाकण्यात आले.

६ वाजून ५३ मिनिटांनी आउटरब्रिज यांनी या हल्ल्याचा संदेश मुख्यालयाला पाठवला. पाणबुडी दिसल्याच्या खोट्या वर्द्या पूर्वी अनेकदा आल्या होत्या. त्यामुळे वरिष्ठांनी आधी खातरजमा करण्याचे ठरवले. संदेश उलगडण्यात आणि दूरध्वनींच्या साखळीत मोलाचा वेळ गेला. ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल किमेल यांच्यापर्यंत बातमी पोहोचली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. ७ वाजून ५५ मिनिटांनी बॉम्ब पडू लागले. त्या दिवशी २,४०३ अमेरिकी मृत्युमुखी पडले.

तीच तारीख, तोच अधिकारी

पुढे 'वॉर्ड'चे रूपांतर सैनिक वाहून नेणाऱ्या जलद नौकेत करण्यात आले आणि तिने दक्षिण प्रशांत महासागरात सेवा बजावली. ७ डिसेंबर १९४४ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरला बरोबर तीन वर्षे होत असताना, फिलिपिन्समधील ऑर्मोक उपसागरात एक आत्मघाती कामिकाझे विमान तिच्यावर आदळले. आग आटोक्यात येईना, तेव्हा खलाशांना उतरवून 'ओ'ब्रायन' या विनाशिकेने तोफा डागून तिला जलसमाधी दिली. 'ओ'ब्रायन'चे प्रमुख होते विल्यम आउटरब्रिज!

समुद्रतळाची साक्ष

आउटरब्रिज यांना शौर्याबद्दल 'नेव्ही क्रॉस' मिळाले होते. तरीही बुडालेली पाणबुडी हाती न लागल्याने 'वॉर्ड'च्या दाव्याबद्दल अनेकजण शंका घेत राहिले. अखेर ऑगस्ट २००२ मध्ये हवाई विद्यापीठाच्या सागरतळ संशोधकांना पर्ल हार्बरबाहेर सुमारे ४०० मीटर खोलीवर ती पाणबुडी सापडली. मनोऱ्याच्या तळाशी तोफगोळ्याचे छिद्र स्पष्ट दिसत होते आणि दोन्ही पाणतीर जागच्या जागी होते. खलाशांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

'वॉर्ड'चे अवशेष डिसेंबर २०१७ मध्ये 'पेट्रेल' या संशोधन नौकेने ऑर्मोक उपसागरात सुमारे २०० मीटर खोलीवर शोधून काढले. पाणबुडीचा वेध घेणारी तिसऱ्या क्रमांकाची तोफ मात्र नौकेसोबत बुडाली नाही. रूपांतराच्या वेळी उतरवलेली ही तोफ १९५८ मध्ये सेंट पॉल येथील मिनेसोटा विधानभवनाच्या आवारात स्मारक म्हणून उभारण्यात आली.