पोटाची गोष्ट

रोमचा धडा आला की मी वर्गात एक गोष्ट हमखास सांगायची. हात, तोंड, दात सगळे पोटावर रुसतात. आम्ही राबायचं आणि यानं बसून खायचं? मग हात घास उचलेना, दात चावेनात, आणि सगळं शरीरच खंगलं. मेनेनिअस अग्रिप्पाने ही गोष्ट शहर सोडून गेलेल्या सामान्य लोकांना, म्हणजे प्लेबियनांना सांगितली आणि ते परत आले. तात्पर्य, एकोप्याने राहावे!

एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, नुसती गोष्ट ऐकून कसे हो परत आले?" पोर्शन संपवायचा होता. "खाली बस," एवढंच मी म्हटलं.

निवृत्तीनंतर सवडीने वाचलं, तेव्हा लक्षात आलं की पोरीचं बरोबर होतं.

साल इ.स.पू. ४९४. (ही कथा लिहिणारा लिव्ही चार-साडेचार शतकांनंतरचा, हेही ध्यानात ठेवायचं.) कर्ज फिटलं नाही की माणूस सावकाराच्या ताब्यात जायचा. लढाईला मात्र हाच माणूस हवा. शेवटी हे सैनिक उठले आणि शहरापासून तीन मैलांवर, आनिओ नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसले. दंगा नाही, लूट नाही. उमरावांना धडकी भरली, कारण आता शत्रू आला तर लढणार कोण?

ते खाली उतरले ते ट्रिब्यून मिळवून. ट्रिब्यून म्हणजे त्यांचेच प्रतिनिधी. उमरावाला हे पद बंद. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं महापाप. अन्याय झालेल्याने कधीही यावं म्हणून त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं.

बाकीचं हळूहळू मिळत गेलं. इ.स.पू. ४५० च्या सुमारास बारा पाट्यांवर लेखी कायदे, ४४५ मध्ये उमरावांशी विवाहाची मुभा, ३६७ मध्ये कॉन्सलपद, ३२६ मध्ये कर्जापायीच्या गुलामीला बंदी. २८७ मध्ये लोक पुन्हा शहराबाहेर, यानिक्युलम टेकडीवर गेले, तेव्हा कुठे त्यांच्या सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक झाले. म्हणजे एकूण दोनशे सात वर्षं! तरी बायका आणि गुलाम मताबाहेरच राहिले, आणि मोठी पदं बहुतेक श्रीमंत प्लेबियनांनाच लाभली.

मी मात्र इतकी वर्षं पोटाचीच बाजू शिकवत राहिले. ती मुलगी आता पन्नाशीची असेल. कुठे भेटली तर सांगेन, "बाळ, तेव्हा तुला खाली बसवायला नको होतं."