मूत्राशयाचा सपाट कर्करोग

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच राहणारा, गाठ न धरणारा, तरीही जहाल पेशींचा कर्करोग; वैद्यकातले नाव ‘कार्सिनोमा इन सिटू’. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग तुऱ्यासारखे पोकळीत वाढतात आणि न दुखता लघवीतून रक्त पडले की उघडे पडतात. हा मात्र, विशेषतः सोबत दुसरी गाठ नसताना (आणि तसे क्वचितच घडते), जळजळ, घाई आणि वारंवार लघवी एवढ्याच तक्रारी देतो. घरोघरी याला उन्हाळी लागली म्हणतात, धने-जिऱ्याचे पाणी देतात.

पहिल्या खेपेला डॉक्टरने जंतुसंसर्ग धरला तर त्यात चूक नाही. बहुतेकदा तोच असतो. चूक होते ती तिसऱ्या खेपेला. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, लघवीत लाल पेशी मात्र दिसत राहतात, आणि तरी प्रतिजैविक फक्त बदलले जाते. संसर्ग नाही हा अहवालही पुरावाच असतो, पण तो तसा वाचला जात नाही. पुरुषांत मग दोष प्रोस्टेटवर जातो. अशा आजाराचे मूत्राशयदाह म्हणून उपचार झालेले रुग्ण मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1974 मध्येच नोंदवले होते. आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयही असेच चित्र उभे करतो, त्यामुळे त्याचीही तपासणी हवी. गंमत अशी, की क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडणे हाच या कर्करोगावरचा प्रमुख उपचार आहे. मोरालेस यांनी त्याचे पहिले निष्कर्ष 1976 मध्ये मांडले.

सोनोग्राफीत सपाट चट्टा दिसत नाही. मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीतून मखमली लाली दिसते, कधी तीही नाही. पण या पेशींची एकमेकींवरची पकड सुटलेली असल्याने त्या लघवीत गळतात, आणि पॅपनिकोलाऊ व मार्शल यांनी 1945 मध्ये पुढे आणलेल्या पेशीपरीक्षणात सापडतात. नमुना पहाटेचा नको, रात्रभर साचून पेशी खराब होतात. नंतरचा ताजा हवा. प्रत्येक जळजळीला दुर्बीण घालायची का, हा आक्षेप रास्त आहे. घालायची नाही. चाळिशी उलटलेली, तंबाखूचे व्यसन, कल्चर निर्जंतुक आणि तक्रार चालूच, अशांचेच आधी पेशीपरीक्षण करावे. खडा किंवा दाह असताना ते फसवू शकते, म्हणून निदान बायोप्सीवरच ठरते. आणि अहवाल निर्दोष आला तरी तक्रार टिकल्यास दुर्बीण टाळता येत नाही. उपचाराविना सुमारे निम्म्या रुग्णांत हा रोग स्नायूत उतरतो. चिठ्ठीवर नुसते ‘युरिन रूटीन’ लिहिले तर प्रयोगशाळा पू-पेशी मोजून मोकळी होते. ‘सायटॉलॉजी’, म्हणजे पेशीपरीक्षण, वेगळे लिहावे लागते.