शिंगधारी डायनासोर : प्रजाती किती, वयाच्या अवस्था किती?

शिंगधारी डायनासोरांच्या अनेक प्रजाती केवळ शिंगांचा बाक आणि मानेवरील हाडाच्या झालरीचा आकार पाहून ठरविण्यात आल्या. मात्र हे दोन्ही अवयव वयानुसार बदलतात, असे आढळल्याने या वर्गीकरणाची फेरतपासणी करावी लागली आहे.

याचे सर्वांत परिचित उदाहरण ट्रायसेरॅटॉप्सचे आहे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ मिळालेली शिंगांची हाडे ऑथ्नियल मार्श यांनी १८८७ मध्ये बायसन या रानबैलाची मानली होती. १८८९ मध्ये त्यांनीच ट्रायसेरॅटॉप्स हे नाव दिले. पुढील काही दशकांत या नावाखाली डझनाहून अधिक प्रजाती नोंदविल्या गेल्या. जवळपास प्रत्येक नवी कवटी ही नवी प्रजाती ठरत होती, असे म्हणावयास हरकत नाही. १९८६ मध्ये ऑस्ट्रॉम आणि वेल्नहोफर यांनी या सर्व प्रजाती एकच असल्याचे मत मांडले, तर १९९६ मध्ये कॅथरिन फॉर्स्टर यांनी दोन प्रजाती ग्राह्य धरल्या.

जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी २००६ मध्ये लहानमोठ्या कवट्या वाढीच्या क्रमाने मांडल्या. पिलाची कवटी जेमतेम फूटभर, तर प्रौढाची दोन मीटरहून अधिक. पिलांची शिंगे आखूड असतात. किशोरवयात ती मागे झुकतात व प्रौढपणी पुढे वळतात. झालरीच्या कडेची त्रिकोणी हाडेही वयाबरोबर सपाट होत जातात. वासराच्या शिंगांवरून खिल्लार बैल ओळखू पाहावा, तसाच हा प्रकार.

त्यापुढील वाद अधिक गाजला. टोरोसॉरस हा १८९१ मध्ये नाव मिळालेला प्राणी ट्रायसेरॅटॉप्सचीच वृद्धावस्था आहे, असे जॉन स्कॅनेला आणि हॉर्नर यांनी २०१० मध्ये मांडले. टोरोसॉरसच्या झालरीत दोन मोठी छिद्रे असतात, आणि त्याच जागी ट्रायसेरॅटॉप्सचे हाड पातळ होत गेलेले दिसते, हा त्यांचा आधार होता. हे मान्य झाले असते, तरी आधीचे नाव टिकते या नियमानुसार ट्रायसेरॅटॉप्स हेच नाव कायम राहिले असते. २०१२ मध्ये लाँगरिच आणि फील्ड यांनी कवटीच्या सांध्यांवरून अपरिपक्व टोरोसॉरस व पूर्ण वाढलेला ट्रायसेरॅटॉप्स दाखवून हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. वयाचा निकष हाडांच्या सांध्यांवर व अंतर्रचनेवर ठेवल्यास दोन्ही निराळे मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

काळ हादेखील एक घटक आहे. २०१४ मध्ये मॉन्टाना राज्यातील हेल क्रीक खडकांतील कवट्यांच्या अभ्यासात एक प्रजाती खालच्या थरांत, दुसरी वरच्या थरांत आणि मधल्या थरांत दोहोंची संमिश्र लक्षणे आढळली.

हा प्रश्न केवळ नावांपुरता नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उल्कापाताच्या वेळी डायनासोरांचे वैविध्य आधीच घटत होते काय, याचे उत्तर प्रजातींच्या मोजदादीवर अवलंबून आहे. पिलांची गणना स्वतंत्र प्रजाती म्हणून झाली, तर ती मोजदादच फसते.

भारतात या कुळाचे निर्विवाद अवशेष मिळालेले नाहीत. परंतु गुजरातमधील रहिओली येथील राजासॉरस या मांसाहारी डायनासोरच्या डोक्यावर आखूड शिंग होते. २००३ मध्ये जाहीर झालेली ही प्रजाती एकाच प्राण्याच्या अपूर्ण सांगाड्यावर आधारलेली आहे; साहजिकच त्या शिंगाचा किती भाग वयाचा व किती प्रजातीचा, हे त्यावरून ठरत नाही. तेथीलच राहिओलीसॉरस (२०१०) मात्र वेगवेगळ्या आकारांच्या अनेक प्राण्यांच्या हाडांवरून ओळखला गेला. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवरील तुटक हाडांना १९३३ मध्ये ह्यूने आणि मॅटली यांनी दिलेली अनेक नावे आज संशयास्पद गणली जातात.

महाराष्ट्रातही नावांची अशीच उलथापालथ झाली, मात्र तिचे कारण निराळे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकर यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉरसची एक प्रजाती स्थापली. पुढे तशीच लक्षणे अनेक प्राण्यांत आढळल्याने ते नावच मोडीत निघाले. त्याच जिल्ह्यातील डोंगरगावच्या सांगाड्याचे १९९७ मध्ये याच नावाखाली वर्णन झाले होते. तो एकाच प्राण्याचा आणि बराचसा पूर्ण असल्याने त्याला २००३ मध्ये इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळाले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते घेतलेले आहे.