इन्सुलिन, साखर आणि मैदान

छावणी म्हटलं की परेड आणि मैदान आठवतं. तर आज आपण मैदानाचाच एक प्रश्न इतिहासातून पाहू. ज्या मुलाच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यानं धावावं का?

सुश्रुतसंहितेत प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे: जन्मतः असणारा आणि अपथ्यानं होणारा. उपचारांत शंभर योजनं चालणं, विहीर खणणं असे कष्ट आहेत. पण कृश रोग्याला पोसा, असंही बजावलंय. सगळ्यांना एकच उपाय चालत नाही, हे आपल्याकडे जुनंच आहे.

जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं अर्धपोटी ठेवून कशीबशी जगवत. मुलं जगू लागली, तेव्हा खेळाचा प्रश्न उभा राहिला. 1926 मध्ये लंडनच्या डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी, जे स्वतः मधुमेही होते, दाखवून दिलं की व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम वाढतो. म्हणून खेळायचं तर डोस कमी आणि खिशात साखर!

पुढे 1977 मध्ये मायकेल बर्गर आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली. इन्सुलिन फार कमी आणि कीटोन वाढलेले असतील, तर व्यायामानं साखर उतरत नाही, उलट चढते. यकृत साखर सोडत राहतं, पण स्नायूंना ती पुरेशी घेता येत नाही.

मग भीतीपोटी साखर मुद्दाम चढी ठेवावी का? 2008 मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी टाइप वन रुग्णांना दोन तास सायकल चालवायला लावली. एकदा साखर 90 च्या, एकदा 200 च्या आसपास ठेवून. चढ्या साखरेत शरीर मुख्यतः कर्बोदकंच जाळत राहिलं. बेताच्या साखरेत ते हळूहळू चरबीकडे वळलं. आणि चढ्या साखरेमुळे स्नायूंतला ग्लायकोजनचा साठाही वाचला नाही.

आजचा सल्ला या सगळ्यातून आला आहे. सुरुवातीला साखर साधारण 126 ते 180 असावी. 90 च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घ्यावं. 270 च्या वर असेल तर कीटोन तपासावेत.

वसीम अक्रमला 1997 मध्ये हा आजार कळला आणि 1999 च्या विश्वचषकात तो पाकिस्तानचा कर्णधार होता. आपल्याच शहरात डॉ. अर्चना सारडांची 'उडान' संस्था अशा मुलांसाठी काम करते. तेव्हा पीटीच्या तासाला या मुलांना कडेला बसवू नका. साखर तपासा, डबा जवळ ठेवा, आणि पळू द्या.