‘आवाज’ची खिडकी आणि पान उलटणारा हात

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ लिहिले, आणि जे लिहिले ते आकृत्या मांडून दाखवलेही. बीड जिल्ह्यातील मराठीच्या विद्यार्थ्याला पासोडीचे नाव माहीत असते. तरीही तिच्याविषयी बोलताना आपण मजकुराचा विचार करतो आणि आकृत्यांना ‘सोबतच्या’ म्हणून बाजूला सारतो. विनोदी दिवाळी अंकांच्या बाबतीत ही सवय अधिकच बेफिकीर होते. कथा जमल्या की फसल्या याची चर्चा होते, चित्रांच्या वाट्याला ‘सजावट आकर्षक’ एवढेच शब्द येतात. अध्यात्म आणि चावटपणा एका पंगतीत बसवल्याबद्दल कोणी रागावेल. परंतु शब्द आणि चित्र मिळून जो अर्थ घडतो तो वाचायचा कसा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये मराठीत दिवाळी अंकाची प्रथा पाडली. मधुकर पाटकर यांचा ‘आवाज’ १९५१ सालचा, आणि तो विनोदालाच वाहिलेला. या अंकाची ओळख झाली ती खिडकीमुळे. पानाचा एक भाग कापलेला असतो. त्यातून खालच्या पानावरील चित्राचा तुकडा दिसतो आणि वरच्या चित्रात तो असा बसतो की वाचकाच्या मनात नको तो अर्थ उभा राहतो. पान उलटले की तोच तुकडा एखाद्या निरुपद्रवी वस्तूचा निघतो. चंद्रशेखर पत्की यांचे नाव या खिडकीशी कायमचे जोडले गेले. पुढच्या काळात ज्ञानेश सोपारकर यांचेही.

चित्रमालिकेत दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत वाचकाचे मन काम करते. खिडकीत ती पट्टी म्हणजे कागदाची जाडी. इथे वाचकाला केवळ डोळे पुरत नाहीत, हात लागतो. त्यामुळे या विनोदाचा बळी चित्रातले पात्र नसून पान उलटणारा असतो. त्याच्याच मनातले पाप त्याला दाखवले जाते, आणि चित्रकार मात्र ‘मी कुठे काय काढले?’ असा भाव आणून मोकळा. चावटपणा अधिक साळसूदपणा असे हे गणित आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांतील मध्यमवर्गीय घरात हा अंक दिवाणखान्यात राहू शकला तो बहुधा याच साळसूदपणाच्या आधारावर.

यातली कारागिरी साधी नाही. एकच आकार दोन चित्रांत दोन अर्थांनी खरा वाटावा लागतो, म्हणजे दुसऱ्या चित्रातील रेषा पहिल्याच्या धाकात काढाव्या लागतात. छिद्र नेमक्या जागी पडले नाही, घडी रेसभर सरकली, तर सगळाच डाव उघडा पडतो. शिवाय पान उलटल्यावर तेच छिद्र डाव्या बाजूला मागच्या पानावर येऊन बसते. तिथे काय दिसते याची चित्रकाराने फिकीर केली आहे का, हे मी आवर्जून पाहतो. खिडकीची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या पानावर होते. ते चित्र स्वतंत्रपणे पाहावेसे वाटले तर खिडकी जमली. पहिल्या चित्राची सबब म्हणून कशीबशी चार रेघांत उरकले असेल तर फसवणूक झाली, विनोद नव्हे. मजकुराचेही तसेच. पहिल्या पानावरची ओळ दोन्ही अर्थांना पुरली पाहिजे. जी ओळ एकाच अर्थाकडे बोट दाखवते ती वाचकाची शंका त्याच्याकडून हिरावून घेते, आणि मग हसायला काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. या खिडक्यांतले आमिष वर्षानुवर्षे बहुधा स्त्रीदेहाचेच राहिले. पान उलटणारा हात पुरुषाचा आहे असे गृहीत धरूनच सापळा रचला जाई. हसणाऱ्या वाचकाची खोड मोडली जाते हे खरे, पण ती मोडण्यापूर्वी पुरवली जाते, हेही खरे. यंत्रणा इतकी कल्पक आणि तिच्यात घालायचा माल इतका एकसुरी, ही ‘आवाज’विषयीची माझी मुख्य तक्रार आहे.

तुलनेसाठी ‘ललित’मधला ‘ठणठणपाळ’ घ्यावा. ‘ललित’ १९६४ मध्ये सुरू झाले. त्यातील ‘घटका गेली पळे गेली’ हे जयवंत दळवी यांचे सदर, पण ठणठणपाळाला देह दिला तो वसंत सरवटे यांनी. हातोडा घेतलेली ती आकृती एकदा पाहिली की दळवींचे वाक्य त्या हातोड्यासकटच ऐकू येते. सरवटे यांना ‘रेषालेखक’ म्हटले गेले ते यथार्थ होते. तिथे चित्र आणि लेखन यांना वेगळे गुण देणे अशक्य होते. ‘आवाज’च्या खिडकीत ते शक्य होते, कारण तिथे शब्द बहुतेक वेळा चित्राचा चाकर आहे.

जुने अंक जपण्याच्या दृष्टीने मात्र खिडकीच अधिक नाजूक. हाताळलेल्या प्रतींत छिद्राच्या कडा आधी फाटतात. वर्षांचे अंक एकत्र बांधताना पाने आवळली की खिडकी आपल्या जागेवरून सरते. संगणकीय प्रतीत तर पान सपाट होते. छिद्रातून दिसणारा तुकडा त्याच चित्राचा भाग म्हणून छापल्यासारखा दिसतो आणि कागद कापलेला होता हे कळायलाच मार्ग राहत नाही. अशी पाने टिपताना निदान तीन छायाचित्रे घ्यावी लागतील: मिटलेल्या खिडकीचे, अर्धवट उचललेल्या पानाचे आणि उलटल्यानंतर डावी-उजवी दोन्ही पाने दाखवणारे.