गोष्ट सांगणारा परदेशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रॅप आता आपल्याकडे परका राहिलेला नाही. २०१९ साली ‘गली बॉय’ आला आणि कुर्ला-धारावीच्या गल्ल्यांत पोरं काय करतात, हे पांढरपेशा घरांनाही कळलं. तालावर भराभर बोलत जायचं, यमकं जुळवत जायची. ज्येष्ठ मंडळी विचारतात, याला गाणं म्हणायचं का? तो वाद आज मी बाजूला ठेवतो. मला सांगायची आहे ती रॅपच्या मूळ गावातल्या एका माणसाची हकिकत. जग त्याला अमेरिकी रॅपर म्हणून ओळखत होतं आणि अमेरिकेचं सरकार मात्र वर्षानुवर्षं ‘हा आमचा नव्हे’ म्हणून त्याला बाहेर काढायला बघत होतं. त्याचं नाव रिचर्ड वॉल्टर्स. रसिकांच्या तोंडी, स्लिक रिक.

मूळ गाव म्हणजे न्यू यॉर्कमधला ब्रॉंक्स हा भाग. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या सेजविक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी मेजवानी ठेवली आणि तिच्या भावाने तबकड्या वाजवल्या. हा भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. पण हर्क जन्मला जमैकात, किंग्स्टन शहरात. ब्रॉंक्सला आला तो १९६७ साली. रस्त्यावर मोठमोठे ध्वनिक्षेपक मांडायचे, तबकडी लावायची आणि तिच्यावर आपलं बोलणं चढवायचं, ही जमैकातली जुनी रीत. म्हणजे ज्या संगीताला आपण अस्सल अमेरिकी समजतो, त्याच्या पायातच परदेशातून आलेल्या माणसाने वीट ठेवली आहे. पुढचं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

रिकचे आईवडीलही जमैकाचेच, पण त्यांची वाट इंग्लंडवरून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून हजारो माणसं ब्रिटनमध्ये कामधंद्यासाठी आली. त्यांच्यातल्या एका घरात, लंडनच्या दक्षिणेला मिचम इथे, १४ जानेवारी १९६५ रोजी रिकचा जन्म झाला. दीड वर्षाचा असताना काच लागून उजवा डोळा गेला. त्या डोळ्यावरची पट्टी पुढे त्याची ओळखच झाली. १९७६ साली हे कुटुंब ब्रॉंक्सला आलं तेव्हा पोरगा अकरा वर्षांचा होता. जिभेवर लंडनचे उच्चार पक्के बसलेले. ते त्याने कधी पुसले नाहीत, आणि माझ्या मते त्याचं अर्धं यश त्या उच्चारांतच आहे.

शाळेत तो चित्रकला शिकला आणि मित्रांबरोबर रॅप करू लागला. १९८५ साली डग ई. फ्रेश या कलावंताबरोबर त्याची तबकडी आली. एका बाजूला ‘द शो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ला डी डा डी’. डग ई. फ्रेशही बाहेरचाच, जन्म बार्बाडोसचा. या दुसऱ्या गाण्यात वाद्य म्हणून काही नाही. डग तोंडाने ताल धरतो, जसा आपल्याकडे एखादा तबलजी नुसते बोल म्हणून दाखवतो, आणि त्या तालावर रिक एक गमतीदार प्रसंग सांगतो. बस्स. पण या गाण्याचे तुकडे पुढच्या रॅपरांनी इतके उचलले की त्याची गणती हिप-हॉपमधल्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या गाण्यांत होते.

रिकआधीही रॅपमध्ये गोष्टी होत्या. पण बहुतेक रॅपर सांगत ते स्वतःविषयी: मी किती थोर आणि माझा प्रतिस्पर्धी किती क्षुद्र. रिकने पात्रं आणली. एकाच कीर्तनकाराने द्रौपदी व्हावं आणि त्यानेच दुःशासनही व्हावं, तसा तो आवाज बदलतो, बायकी सूर लावतो. १९८८ साली त्याचा पहिला स्वतंत्र आल्बम निघाला आणि एकट्या अमेरिकेत दहा लाखांवर खपला. त्यातलं ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ हे गाणं म्हणजे झोपण्यापूर्वी पोरांना काकाने सांगितलेली गोष्ट. गोष्ट मात्र परीची नाही. चोरीच्या नादाला लागलेल्या एका मुलाची आहे आणि ती पोलिसांच्या गोळीवर संपते. याच आल्बममधलं बायकांविषयीचं काही बोलणं आज ऐकवत नाही, हेही सांगून टाकतो.

आणि मग १९९० साल. एक चुलत भाऊ त्याचा अंगरक्षक होता. त्याच्याशी पैशांवरून बिनसलं, धमक्यांपर्यंत गेलं. जुलै महिन्यात रिकने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो जखमी झाला, आणि ज्याचा कशाशी संबंध नव्हता असा एक वाटसरूही जखमी झाला. दोघे वाचले. रिकने खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला आणि सुमारे पाच वर्षं गजाआड काढली. शिक्षा झाली ती योग्यच झाली. मला प्रश्न पडतो तो शिक्षा भोगून झाल्यानंतरचा.

रिक अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यावर, म्हणजे ग्रीन कार्डवर होता. नागरिकत्व त्याने घेतलेलं नव्हतं. तिथल्या कायद्याप्रमाणे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या अशा माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवता येतं. १९९६ साली हे नियम आणखी कडक झाले. नागरिक असलेला गुन्हेगार सुटला की घरी जातो. याला पाठवायचं ते इंग्लंडला, अकराव्या वर्षी सोडलेल्या देशात. तुरुंगात असल्यापासूनच हा खटला त्याच्या मागे लागला होता.

सुटल्यावर त्याने संसार सांभाळला, १९९९ साली पुन्हा एक नावाजलेला आल्बम काढला. जून २००२ मध्ये तो एका पर्यटक जहाजावर कार्यक्रमासाठी गेला. जहाज कॅरिबियन समुद्रात फिरून फ्लोरिडाला परतलं आणि बंदरावरच त्याला अटक झाली. गाणं म्हणायला चार दिवस देशाबाहेर गेला, एवढंच निमित्त. नवा गुन्हा काही नव्हता. सतरा महिने त्याला स्थानबद्ध ठेवलं. सुटका झाली ती नोव्हेंबर २००३ मध्ये. २००६ साली सरकारने पुन्हा उचल खाल्ली आणि खटला न्यू यॉर्कहून अधिक कठोर मानल्या जाणाऱ्या दुसऱ्या न्यायालयाकडे हलवण्याचा प्रयत्न केला.

यातून वाट निघाली ती कायद्यातल्याच एका कलमातून. राज्याच्या गव्हर्नरने गुन्ह्याची संपूर्ण, बिनशर्त माफी दिली, तर त्या गुन्ह्यावर उभी असलेली हद्दपारी टिकत नाही. मार्च २००८ मध्ये डेव्हिड पॅटरसन न्यू यॉर्कचे गव्हर्नर झाले. त्या राज्याचे पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर, आणि कायद्याच्या व्याख्येनुसार अंध. २३ मे २००८ रोजी त्यांनी रिकला माफी दिली. त्याने शिक्षा भोगली आहे, तो बदलला आहे आणि हिंसेपासून दूर राहा असं तरुण मुलांना समजावण्याचं काम करतो आहे, अशी कारणं त्यांनी दिली. गोळी लागलेल्या वाटसरूला या माफीविषयी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात येतोच. तरीही पॅटरसन यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. अकराव्या वर्षी आलेला मुलगा ब्रॉंक्समध्ये घडला आणि तिथेच बिघडला. त्याच्या गाण्यांचं श्रेय घेणाऱ्या शहराला त्याचा गुन्हा तेवढा इंग्लंडच्या खात्यावर टाकता येणार नाही.

एप्रिल २०१६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्लिक रिक अमेरिकेचा नागरिक झाला. ब्रॉंक्सला येऊन चाळीस वर्षं झाली होती. ब्रिटिश नागरिकत्वही त्याने सोडलं नाही. २०२३ साली त्याला ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला आणि २०२५ साली, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर, ‘व्हिक्टरी’ हा नवा आल्बम आला. पट्टी डोळ्यावर तशीच आहे आणि उच्चारही अजून लंडनचेच.