डावा कौल

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या लावायच्या, मनातला प्रश्न सांगायचा आणि वाट पाहायची. उजवीकडची कळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. हा नियम कोणी ठरवला, असे कोणी विचारत नाही. भाषेनेही तो निमूटपणे स्वीकारलेला आहे. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा, तसाच कुशल आणि सौजन्यशीलही. 'दाक्षिण्य' त्यातूनच आले. 'वाम' म्हणजे डावा, तसाच प्रतिकूलही. अर्थात त्याच शब्दाला 'सुंदर' हाही अर्थ आहे, हा संस्कृतचा मोठेपणा. मराठीत सरस ठरणारी गोष्ट 'उजवी' ठरते आणि बाजूला सारलेला माणूस 'डावलला' जातो. लॅटिनमधल्या डाव्यासाठीच्या शब्दातून इंग्रजीला 'अशुभ' या अर्थाचा शब्द मिळाला आणि फ्रेंचांनी डाव्याला 'गबाळा' ठरवले. डाव्याच्या बाबतीत संस्कृतींचे असे एकमत क्वचितच आढळेल.

प्रस्तुत लेखाचा विषय भाषाशास्त्र नाही. संगीताचे वेड असलेल्या डावखुऱ्या मुलाच्या वाट्याला हा डावा कौल कसा येतो, आणि त्यावर काही जणांनी कोणत्या वाटा काढल्या, याचा हा धावता इतिहास आहे. संगीताचे क्षेत्र मुद्दाम निवडले, कारण येथे हाताचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. जेवताना हात बदलला तरी पोट भरते. वाद्यावर हात बदलला की नादच बदलतो.

गिटारचेच उदाहरण घेऊ. वादकाने ती मांडीवर घेतली की सर्वांत जाड तार वर, म्हणजे त्याच्या चेहऱ्याकडे असते आणि सर्वांत बारीक तार खाली. डावा हात दांडीवर स्वर दाबतो, उजवा हात तारा छेडतो. डावखुऱ्या मुलाने तीच गिटार सहजप्रवृत्तीने उलटी धरली की बारीक तार वर जाते, जाड खाली येते आणि पुस्तकातली सगळी बोटांची चित्रे निरुपयोगी होतात. तारा काढून उलट क्रमाने लावाव्यात, तर दांडीच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या खाचा आड येतात. त्या प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कोरलेल्या असतात. जाड तार अरुंद खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत खडखडते, आणि मग काड्यापेटीतल्या काडीची ढलपी खुपसण्यासारखे उपाय सुरू होतात. दुकानात डावखुऱ्यांची गिटार मिळालीच तर एखादी, आणि मित्राच्या घरची गिटार सहज उचलून वाजवण्याचे सुख नाहीच. एकेकटी पाहिली तर या बारीकसारीक कटकटी आहेत. परंतु त्यांच्या बेरजेतून मुलाला एक गोष्ट कळते : हे वाद्य घडवताना कोणीतरी हात गृहीत धरला होता आणि तो आपला नव्हता.

या अडचणीवरची सर्वांत साधी तोड म्हणजे काहीही न बदलता वाद्य उलटे धरणे. ती काढणाऱ्यांत एलिझाबेथ कॉटन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जन्म १८९३ सालचा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. कृष्णवर्णीय, गरीब कुटुंब. भाऊ कामावर गेला की ही मुलगी त्याचा बँजो चोरून वाजवी. वाद्य भावाचे, त्याच्या तारा बदलणे शक्यच नव्हते. तिने ते आहे तसे उलटे धरले. पुढे घरकाम करून साठवलेल्या पैशांतून स्वतःची गिटार घेतली, तरी सवय तीच राहिली. परिणाम असा झाला की इतरांचा अंगठा जे खर्जाचे काम करतो ते तिची बोटे करू लागली आणि बोटांकडची मुख्य धून अंगठ्याकडे आली. तिच्या वादनातला तो झुलता, आतबाहेर होणारा खर्ज या उलथापालथीतून आलेला आहे. नंतर संसार आणि कष्ट यांत गिटार कित्येक दशके सुटली. एका दुकानात काम करीत असताना हरवलेली एक लहान मुलगी त्यांनी आईपर्यंत पोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. कॉटन त्या घरी घरकामाला राहिल्या, भिंतीवरची गिटार पुन्हा हाती आली, आणि १९५८ साली, वयाच्या पासष्टीत, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांच्या पद्धतीला आज त्यांच्याच नावाने ओळखतात आणि उजव्या हाताचे विद्यार्थी ती घाम गाळून शिकतात.

ब्लूजमधल्या अल्बर्ट किंग यांचीही वाट हीच. गिटार उलटी, तारा तशाच. उजवे वादक बारीक तार ताणून स्वर चढवताना ती वर ढकलतात; किंग ती खाली ओढत. ओढण्यात हाताचे सारे बळ लागते, म्हणून त्यांच्या ताणलेल्या स्वरात एक आर्त वजन आहे. नंतरच्या पिढीतल्या कितीतरी उजव्या वादकांनी त्या स्वराचा पाठलाग केला.

दुसरी तोड म्हणजे तारांचा क्रमच फिरवणे. लिव्हरपूलमधल्या पॉल मॅकार्टनीला वडिलांनी ट्रंपेट दिली होती. पण ट्रंपेट तोंडाला लावून गाता येत नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने ती देऊन झेनिथ कंपनीची गिटार घेतली. प्रथम ती सर्वांसारखीच धरून पाहिली. हाताला लय सापडेना. मग स्लिम व्हिटमन या अमेरिकी गायकाचे छायाचित्र त्याच्या पाहण्यात आले. त्यात गिटार उलट बाजूला होती. एवढेच पुरेसे झाले. असेही करता येते, याचा एक पुरावा. डावखुऱ्या मुलाच्या आयुष्यात अशा एका छायाचित्राचे मोल काय असते, हे उजव्यांना समजणे कठीण आहे. पॉलने तारा उलट्या लावल्या. पुढे जॉन लेनन समोर बसून वाजवू लागला तेव्हा एक अनपेक्षित लाभही झाला : समोरच्याची बोटे पॉलला आरशातल्यासारखी दिसत. आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकणाऱ्या मुलांना गुरूचा हात मनातल्या मनात उलटा करून पाहावा लागतो, ही यातायात डावखुऱ्या पॉलला करावी लागली नाही. १९६१ साली हँबर्गमध्ये त्याने हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार घेतली. तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने उलटी धरली तरी ती विचित्र दिसत नव्हती, हे निवडीमागचे एक कारण त्याने स्वतःच सांगितले आहे. जगाने ज्या वाद्याला 'बीटल्सचे वाद्य' म्हणून ओळखले, त्याच्या निवडीत एका डावखुऱ्या तरुणाचा साधा संकोचही होता तर! ते वाद्य १९७२ साली चोरीला गेले आणि सापडल्याची वार्ता २०२४ साली जाहीर झाली.

जिमी हेंड्रिक्सने या तोडीचे जे केले त्याने गिटारचा इतिहासच वळला. तो उजव्यांसाठी घडवलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी करून, तारांचा क्रम फिरवून वाजवी. त्यामुळे आवाजाची आणि ताणाची दांडी वरच्या अंगाला आली, हाताजवळ. या गिटारच्या घोडीजवळचा पिकअप तिरका बसवलेला असतो. वाद्य उलटल्यावर त्याचा कलही उलटला, म्हणून जाड तारा अधिक धारदार आणि बारीक तारा काहीशा गोल वाजू लागल्या. खुंट्यांचा क्रम उलटल्याने तारांची खुंटीपर्यंतची लांबी बदलली. हेंड्रिक्सचा नाद या बदलांतून जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रतिभेला पिकअपच्या कोनात बसवता येत नाही. पण त्या नादाच्या घडणीत त्यांचा वाटा आहे. १९७० साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. १९९७ साली फेंडर कंपनीने त्याच्या स्मरणार्थ एक गिटार काढली : डावखुऱ्यांसाठी घडवलेली, पण उजव्यांनी उलटी धरून वाजवावी म्हणून तारा लावलेली, आणि आरशात नीट वाचता यावे म्हणून नावही उलटे छापलेले. जी अडचण एका मुलाने नाइलाजाने सोसली, ती आता उजवी माणसे पैसे मोजून विकत घेऊ लागली.

येथवरचे सगळे वादक एकटे किंवा मित्रांच्या मेळ्यात वाजवणारे. प्रस्थापित बैठकीत शिरताच प्रश्न बिकट होतो, कारण तेथे वाद्याबरोबर जागाही ठरलेल्या असतात. कर्नाटक संगीतात मृदंगम्‌वादक गायकाच्या उजव्या हाताला, गायकाकडे तोंड करून बसतो. त्यामुळे मृदंगाचे उजवे, बारीक नादाचे मुख आपोआप श्रोत्यांकडे येते. गायकाच्या डावीकडे व्हायोलिन. आता वादक डावखुरा असेल तर बारीक मुख त्याच्या डाव्या हाताशी असते. ते श्रोत्यांकडे यावे यासाठी त्याला गायकाच्या डावीकडे बसावे लागते आणि व्हायोलिनवादकाला उठून पलीकडे जावे लागते. पळणी सुब्रमण्य पिळ्ळै हे विसाव्या शतकातले श्रेष्ठ मृदंगम्‌वादक डावखुरे होते. त्यांच्यासाठी जागा बदलण्यास काही जण नाखूश असत आणि चेंबै वैद्यनाथ भागवतर यांनी त्यांना आग्रहाने आपल्या साथीला घेतले, असे सांगितले जाते. वादकाने वाद्य फिरवून घेतले, पण बैठक फिरवायला दुसऱ्याची संमती लागते. डावखुऱ्याचा प्रश्न येथे त्याचा एकट्याचा राहत नाही. शेजाऱ्याने चार हात सरकावे की नाही, इतका तो साधा होतो, आणि इतका अवघडही.

तिसरी तोड सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रचलित : वाद्य तसेच ठेवायचे, हात बदलायचा. रिंगो स्टार यांनी सांगितले आहे की ते जन्मतः डावखुरे. आजीला ते अभद्र वाटे, म्हणून तिने त्यांना उजव्या हाताने लिहायला लावले. ही आजी लिव्हरपूलची आहे, हे सांगितले नाही तर मराठी वाचक तिला रत्नागिरीची समजेल. रिंगो पुढे उजव्यांच्या मांडणीचा ड्रमसंच डाव्या हाताच्या ओढीने वाजवू लागले. ड्रमवरून फिरताना त्यांचा हात इतरांपेक्षा वेगळ्या बाजूने निघतो, आणि त्यातून येणारी किंचित अडखळती, वळणदार लय ही त्यांची ओळख ठरली. आजीने लेखणी हिरावली, पण टिपऱ्यांपर्यंत ती पोचली नाही.

हे वाचून असा समज होण्याची भीती आहे की डावखुरेपण हे वरदानच असते आणि अडचणीतून नेहमी प्रतिभा फुलते. तो समज टाळला पाहिजे. एक तर मार्क नॉफ्लर यांच्यासारखे डावखुरे वादक उजव्या पद्धतीने वाजवून थोर झाले आहेत. स्वर दाबण्याचे अवघड काम तेथे डाव्या हाताकडेच असते, हा योगायोगही विसरू नये. किंबहुना उजवा हात इतका कुशल, तर दांडीवरची बोटांची कसरत डाव्याकडे का, हा प्रश्न 'उजवे वाद्य' ही निसर्गाची आज्ञा नसून रूढी आहे, हेच सुचवतो. दुसरे म्हणजे इतिहासात नोंद झाली ती निभावून नेणाऱ्यांची. ज्या मुलाच्या हातावर पट्टी बसली, ज्याने पेटीच्या वर्गात दोन महिन्यांत नाव काढून घेतले, ज्याला 'तुला ताल नाही' असे सांगण्यात आले आणि ते खरे वाटले, त्याची ध्वनिमुद्रिका नाही. कॉटनबाई पासष्टीत सापडल्या. न सापडलेल्यांची मोजदाद कोण करणार?

शेवटी एक उलटे उदाहरण. पंडित हरिप्रसाद चौरसिया उजव्या बाजूला बासरी धरून वाजवत आणि त्यात नावारूपालाही आले होते. मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेल्यावर, आपण खरोखरच नव्याने आरंभ करण्यास तयार आहोत हे पटवण्यासाठी त्यांनी बासरी डाव्या बाजूला घेतली आणि बोटांना पुन्हा पहिल्यापासून शिकवले. बासरीला डावे-उजवे कळत नाही. छिद्रे दोन्हीकडून सारखीच. बदलले ते केवळ शरीर, आणि ते बदलण्याचा क्लेश त्यांनी स्वतः मागून घेतला. आजही ते डावीकडेच वाजवतात.

रिंगोच्या आजीने करवले तेही हात बदलणेच आणि चौरसियांनी केले तेही हात बदलणेच. कृती एकच, कष्टही बहुधा सारखेच. पण एकाला आपण बळजबरी म्हणतो आणि दुसऱ्याला साधना, कारण पहिल्या वेळी निर्णय दुसऱ्याचा होता आणि दुसऱ्या वेळी स्वतःचा. घरात एखादे मूल गिटार, तबला किंवा टाळ उलटा धरून बसले असेल, तर त्याच्या हातातले वाद्य सरळ करण्याआधी एवढा फरक आठवावा. देवळातला कौल देवाचा असतो. हा कौल त्या मुलाने द्यायचा आहे.